ऊलाँग चहाला फुलांचा वास कोठून येतो?



काही वर्षांपूर्वी माझ्या एका माजी विद्यार्थ्याने चीनहून येताना माझ्यासाठी चहाची पुडी आणली. आत भुकटी नव्हती. मिऱ्यापेक्षा थोड्या मोठ्या, घट्ट वळलेल्या, हिरव्यागार गोळ्या होत्या. आमच्या घरी चहाची रीत एकच. पातेल्यात पाणी, साखर आणि चहा घालून चांगले खळखळून उकळले. दूध घालण्यापूर्वी चमचाभर चाखून पाहिला, तर तोंडात नुसता तुरटपणा! स्वयंपाकघरात मात्र मोगरा फुलल्यासारखा वास दरवळत होता. वास हवेत गेला आणि तुरटपणा तेवढा कपात उरला. असे का झाले असावे?

त्या चहाचे नाव थिए-क्वान-यिन. चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरील फुजिएन प्रांतात आनशी नावाचा डोंगराळ भाग आहे, तेथला हा ऊलाँग जातीचा चहा. नावाचा अर्थ 'लोखंडी क्वान-यिन'. क्वान-यिन ही चिनी लोकांची करुणेची देवता, म्हणजे आपल्याकडून तिकडे गेलेला अवलोकितेश्वर बोधिसत्त्व. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणी तुम्ही पाहिला असेल. तो याच बोधिसत्त्वाचे रूप. दुसरी गंमत शब्दाची. चीनच्या बहुतेक भागांत या पेयाला 'छा' म्हणतात, त्यावरून आपला 'चहा' आला. पण आनशीच्या बोलीत त्याला 'ते' म्हणतात. तो शब्द डच व्यापाऱ्यांनी युरोपात नेला आणि इंग्रजीत त्याचा 'टी' झाला.

आता मुख्य प्रश्न. या चहात फूल मिसळलेले नसते, अत्तरही नसते. मग वास कोठला?

प्रथम एक गैरसमज दूर करू. हिरवा चहा, काळा चहा आणि ऊलाँग ही वेगवेगळी झाडे नव्हेत. लिनीअससारख्या थोर वनस्पतिशास्त्रज्ञानेही हिरव्या आणि काळ्या चहाच्या दोन जाती मानल्या होत्या. १८४० नंतरच्या दशकात रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ चीनमध्ये हिंडला, तेव्हा दोन्ही चहा एकाच जातीच्या झाडापासून होतात हे त्याने युरोपीय लोकांना दाखवून दिले. फरक पडतो तो पान खुडल्यानंतर.

हे समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. सफरचंदाच्या दोन फोडी कापा. एक तशीच ठेवा. दुसरी घरातील मोठ्या माणसाच्या मदतीने दोन मिनिटे उकळत्या पाण्यात बुडवून बाहेर काढा. अर्ध्या तासाने पाहा. पहिली तपकिरी झालेली दिसेल, दुसरी जवळजवळ होती तशीच राहील. फळ कापल्यावर पेशी फुटतात, त्यांतील रसायने आणि एंझाइमे एकत्र येतात आणि हवेतील ऑक्सिजनशी संयोग घडतो. याला ऑक्सिडीकरण म्हणतात. उकळत्या पाण्याने एंझाइम निकामी होते, म्हणून क्रिया थांबते.

चहाच्या पानातही हेच घडते. पानात कॅटेचिन नावाची तुरट द्रव्ये एका कप्प्यात आणि एंझाइम दुसऱ्या कप्प्यात असते. पान लगेच तापवले, तर क्रिया होतच नाही. तो हिरवा चहा. पान चुरगाळून ऑक्सिडीकरण जवळजवळ पूर्ण होऊ दिले, तर काळा चहा. ऊलाँग या दोहोंच्या मधला.

आनशीचे कारागीर पान उन्हात थोडे सुकवतात. मग बांबूच्या फिरत्या पिंपात ते घोळवतात, पसरून विसावू देतात, पुन्हा घोळवतात. हे रात्रभर चालते. पानांच्या कडा एकमेकांवर घासून दुखावतात, मधला भाग मात्र शाबूत राहतो. खुडलेले पान अजून जिवंत असते, हे येथे लक्षात घ्या. किडीने कुरतडावे तशी ही इजा त्याला जाणवते आणि ते उत्तरादाखल काही बाष्पनशील द्रव्ये तयार करू लागते. इंडोल, नेरोलिडॉल आणि जास्मिन लॅक्टोन ही त्यांतील महत्त्वाची. यांतले इंडोल आणि जास्मिन लॅक्टोन जाईच्या फुलांच्या वासातही असतात! म्हणजे फुलांचा वास ही जखमी पानाची प्रतिक्रिया आहे.

कारागीर वास घेत बसतो. वेळ चुकली, तर रात्रभराचे श्रम वाया. लवकर थांबले तर पानाला कच्च्या गवताचा वास, उशीर झाला तर फुलांचा वास गेलेला. नेमक्या क्षणी पाने तापलेल्या कढईत किंवा पिंपात टाकतात. एंझाइम निकामी होते. मग पाने फडक्यात बांधून पुन्हा पुन्हा मळतात आणि वाळवतात. त्यामुळे त्या गोळ्या होतात.

आता माझी चूक पाहू. सुगंधी द्रव्ये बाष्पनशील असतात. उघड्या पातेल्यात उकळताना ती वाफेबरोबर निघून गेली. कॅटेचिने मात्र पाण्यात उतरतच राहिली.

चिनी लोक झाकणाच्या छोट्या वाटीत पाच ते सात ग्रॅम चहा घेतात आणि त्यावर सुमारे १०० घनसेंटिमीटर कढत पाणी ओततात. अर्ध्या मिनिटातच पेय गाळून घेतात. गोळी हळूहळू उलगडते, म्हणून तीच पाने पाच-सहा वेळा वापरता येतात. दर वेळी पाणी नवे असल्याने पान आणि पाणी यांच्या संहतीतील फरक पुन्हा वाढतो व विसरण पुन्हा जोरात होते.

वाटी ते आधी गरम पाण्याने विसळतात. का, ते गणिताने पाहा. वाटी १५० ग्रॅमची, चिनी मातीची विशिष्ट उष्णता सुमारे ०.२५, तापमान २५ अंश. तीत १०० अंशांचे १०० ग्रॅम पाणी ओतले आणि अंतिम तापमान 'त' मानले, तर

१०० × (१०० − त) = १५० × ०.२५ × (त − २५)

यावरून 'त' सुमारे ८० अंश येते. हवेत जाणारी उष्णता तर यात धरलेलीच नाही. थंड वाटीनेच २० अंश खाल्ले! एवढ्या पाण्यात घट्ट गोळी नीट उलगडत नाही आणि वासही पुरता सुटत नाही.

उरलेली पुडी मी या रीतीने वापरली. मोगरा या खेपेस कपात उतरला.

जाता जाता एक प्रश्न. आपल्या घरची चहाची भुकटी पहिल्याच उकळीत जवळजवळ सगळा रंग सोडते, ही गोळी का सोडत नाही? पृष्ठफळाचा विचार करा आणि उत्तर वहीत लिहा.