आयटीचा शेअर घेण्याआधी

नीउ-व्हेनेपमध्ये राहून तुमचा पगार आयटीतून येत असेल आणि बचतही आयटीच्या शेअरमध्येच गेली, तर मंदीत दोन्हींना एकदमच फटका बसतो.

म्हणून पुण्याच्या पर्सिस्टंटसारख्या कंपनीचा शेअर घेण्याआधी आकडे उघडा. मोठ्या ग्राहकांवर महसूल किती अवलंबून? वर्षभरात किती माणसं सोडून गेली? नफ्याची रोकड खरंच हाती येते का?

सत्यम आठवतंय ना? ७ जानेवारी २००९ला अध्यक्षांनीच कबूल केलं, की ताळेबंदातले ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. आणि तो ताळेबंद ऑडिट झालेला होता बरं का! तेव्हा भागधारकांना प्रत्यक्ष लाभांश किती वाटला, तेही बघा.

आणि हो, भारतातले शेअरही इथल्या बॉक्स ३मध्ये १ जानेवारीच्या किमतीने दाखवायचे असतात.