आइस्क्रीमचे यंत्र घेण्यापूर्वी

मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. धुळेही फार मागे नसते. ईदुल अज़हा सध्या याच सुमारास येते आणि दावतीनंतर मुलांची फर्माईश ठरलेली असते, आइस्क्रीम! बाजारातील डब्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलेले असेल, तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरलेले असते. काही गोठवलेल्या पदार्थांत जिलेटिन असते, तर व्हॅनिला इसेन्समध्ये अल्कोहोल असू शकते. हिरव्या ठिपक्याने जिलेटिनची शंका मिटते, इसेन्सची मिटत नाही. म्हणून अनेक भगिनी घरगुती यंत्राची चौकशी करतात. पैसे मोजण्यापूर्वी काही गोष्टी पाहून घ्याव्यात, असे आम्हाला वाटते.

पहिला प्रकार आपल्या ओळखीचा पॉट. मधल्या डब्यात दूध, भोवती बर्फ आणि खडे मीठ. साखर घातलेले दूध शून्य अंशाला गोठत नाही. मीठ मिसळताच बर्फ वितळू लागतो आणि मिश्रणाचे तापमान शून्याखाली दहा-पंधरा अंशांपर्यंत उतरते, म्हणून आइस्क्रीम जमते. हात दुखतात खरे, पण वीज गेली तरी काम अडत नाही. झाकण मात्र घट्ट बसले पाहिजे, नाहीतर खारे पाणी आत शिरते. बर्फही खाण्यायोग्यच घ्यावा.

दुसरा प्रकार गोठवायच्या भांड्याचा. हे दुहेरी भिंतीचे भांडे आधी १२ ते २४ तास फ्रीजरमध्ये ठेवावे लागते. हलवून पाहावे, आत द्रव डुचमळत असेल, तर ते तयार नाही. एका दरवाजाच्या फ्रिजच्या छोट्या खणात भांडे मावेलच असे नाही, म्हणून दुकानात जाताना खणाची उंची मोजून न्यावी. जिथे वीज वारंवार जाते, तिथे भांडे नीट गोठत नाही. शिवाय एकदा आइस्क्रीम झाले की त्याच भांड्यात लगेच दुसरी खेप होत नाही.

तिसरा प्रकार कॉम्प्रेसरचा. तो स्वतःच थंडावा तयार करतो आणि एकामागून एक खेपा काढतो. पण वजनाने जड आणि किमतीने कितीतरी पट महाग. बिघडल्यास दुरुस्ती जळगाव-धुळ्यातच होईल की नाशिकला न्यावे लागेल, हे आधी विचारून घ्यावे.

क्षमतेचा आकडाही नीट समजून घ्यावा. फेटताना हवा मिसळून मिश्रण फुगते, म्हणून दीड लिटरच्या भांड्यात साधारण एक लिटरच मिश्रण घालता येते. दहा-बारा जणांच्या दस्तरखानाला ते कमीच पडते.

केवळ चव हवी असेल, तर यंत्राचीही गरज नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तीच पिकलेली केळी कापून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावीत, सकाळी थोडी साय घालून मिक्सरमधून फिरवावीत. मऊसूत आइस्क्रीम तयार!

वर्षातून चार-पाच वेळा वापरायची वस्तू कर्ज किंवा हप्त्यावर घेणे हा इसराफच. त्यापेक्षा मोहल्ल्यातील तीन-चार घरांनी मिळून एक मोठा पॉट घ्यावा. ईदच्या दिवशी मुले पाळीपाळीने हँडल फिरवतील आणि पहिली वाटी शेजारच्या घरी जाईल.