तेल उतरते तेव्हा कोणाची तिजोरी हलते?

खनिज तेलाचा भाव कोसळला की आखाती राजघराणी लगोलग अडचणीत येतात, हा सर्वसाधारण समज फारसा खरा नाही. कारण तिथला पैसा तीन खात्यांत विभागलेला असतो. वर्षाचा खर्च भागवणारा सरकारी खजिना, तेलाचा वाढावा देशोदेशी गुंतवणारा सार्वभौम संपत्ती निधी, म्हणजे राज्याच्या मालकीची गुंतवणुकीतली पुंजी, आणि राजघराण्याला मिळणारी नेमणूक अशी ही तीन खाती होत. पहिला फटका खजिन्याला बसतो. उरलेल्या दोहोंपर्यंत तो पोहोचू द्यायचा की नाही, हे बाजार नव्हे, तर किल्ल्या हाती असणारे ठरवतात.

कुवेतचा इतिहास या बाबतीत मुंबईशी बांधलेला आहे. तेलापूर्वी आखातातले मोती प्रामुख्याने मुंबईच्या बाजारात विकले जात, अल-सबाह राजघराण्याची इमारत मरीन ड्राइव्हवर आजही उभी आहे आणि 1961 पर्यंत कुवेतचे चलनही रुपयाच होते. जागतिक मंदी आणि जपानमधील संवर्धित मोती यांनी 1930 च्या सुमारास हा व्यापार बसवला. पुढे 1938 मध्ये तेल सापडले आणि स्वातंत्र्याच्याही आधी, 1953 मध्ये, कुवेतने जगातला या प्रकारचा पहिला मानला जाणारा निधी उभारला. 1976 पासून उत्पन्नाचा दहा टक्के भाग भावी पिढ्यांच्या निधीत जाऊ लागला. अमीराची वार्षिक नेमणूक मात्र राज्यघटनेच्या कलम 78 नुसार गादीवर येतानाच कायद्याने संपूर्ण कारकिर्दीसाठी ठरते, त्यामुळे तेलाच्या चढउताराशी तिचा थेट संबंध उरत नाही. (भारतातील संस्थानिकांचे तनखे 1971 मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संपले, ते राजकीय निर्णयाने, टंचाईने नव्हे.) 2020 मध्ये भाव गडगडले तेव्हा कुवेतच्या खजिन्यात रोकड आटली आणि संसदेने कर्ज काढण्याचा कायदा अडवून धरला, भावी पिढ्यांची अवाढव्य पुंजी मात्र तशीच राहिली, फक्त तुटीच्या वर्षांत तिच्यात भर घालणे थांबवण्यात आले. कणगी भरलेली असताना चुलीसाठी उसनवारी करण्यासारखाच हा प्रकार होता.

सौदी अरेबियात असा अडथळा नव्हता. तिथे जून 2020 पासून कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता बंद झाला, जुलैपासून मूल्यवर्धित कर 5 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर गेला आणि त्याच सुमारास परकीय गंगाजळीतील 40 अब्ज डॉलर युवराज मोहम्मद बिन सलमान अध्यक्ष असलेल्या सार्वजनिक गुंतवणूक निधीकडे वळवण्यात आले. याच निधीने त्या जूनमध्ये मुंबईच्या जिओ प्लॅटफॉर्म्समधील 2.32 टक्के हिस्सा 11,367 कोटी रुपयांना घेतला. मंदी ही अशा निधीला स्वस्तात खरेदीची संधी वाटते. भत्ता गमावलेल्याला ती तशी वाटण्याचे कारण नाही.

तेल विकत घेणाऱ्या देशातही किल्लीचा हाच न्याय चालतो. जून 2014 मध्ये पिंपामागे 115 डॉलरच्या आसपास असलेला भाव जानेवारी 2016 मध्ये तिशीखाली आला. मात्र त्याच काळात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवले आणि डिझेलवरील शुल्क लिटरमागे 3.56 रुपयांवरून 17.33 रुपयांवर नेले. मुंबई–आग्रा महामार्गावरील नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतून माल वाहणाऱ्या ट्रकमालकाच्या वाट्याला म्हणून घसरणीचा लहानसाच भाग आला, कारण मोठा भाग वाटेतच दिल्लीच्या खजिन्याने उचलला होता. मे 2020 मध्ये तर एका रात्रीत डिझेलवर लिटरमागे 13 रुपयांचा कर वाढला आणि पंपावरचा दर त्या दिवशी हललाही नाही.