ठेका न चुकवणारा संगणक

'डीजे' म्हटले की आपल्याकडे मिरवणुकीतली ध्वनिवर्धकांची भिंत डोळ्यांपुढे येते. वास्तविक डीजे हा माणूस असतो. 'डिस्क जॉकी' या शब्दांचे ते लघुरूप. एका तबकडीवरचे गाणे संपत आले की दुसरीवरचे गाणे त्याच ठेक्यात, सांधा कळू न देता सुरू करणे हे त्याचे कसब. आज पुष्कळसे डीजे हे काम संगणकावर करतात. शिकू पाहणारा विद्यार्थी मग हमखास विचारतो, संगणकात ऑपरेटिंग सिस्टिम कोणती असावी? विंडोज, मॅकओएस की लिनक्स? प्रश्न बाजारातला वाटतो, पण त्याच्या मुळाशी थोडे पदार्थविज्ञान आहे. ते आधी पाहू.

संगणकात ध्वनी अखंड लहरीच्या रूपात साठवलेला नसतो. लहरीची उंची ठरावीक काळाने मोजून त्या आकड्यांची माळ ठेवलेली असते. सीडीच्या पद्धतीत हे आकडे दर सेकंदाला ४४,१०० असतात. वाजवताना ते त्याच गतीने बाहेर पडले पाहिजेत. प्रोसेसर मात्र एकेक आकडा पाठवत बसत नाही. तो मूठभर आकडे तयार करून एका साठ्यात टाकतो. या साठ्याला बफर म्हणतात. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखाच हा प्रकार आहे. नगरपालिकेचे पाणी थांबून थांबून येते, पण घरातला नळ अखंड चालतो. टाकी रिकामी झाली की नळ फुसफुसतो. ध्वनीच्या बाबतीत ही फुसफुस म्हणजे गाण्याच्या मधोमध येणारा 'कट्' असा आवाज.

मग टाकी मोठीच का ठेवू नये? हिशेब करून पाहा. साठा १,०२४ आकड्यांचा असेल तर तो वाजून संपण्यास १,०२४ भागिले ४४,१००, म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. तुम्ही बटण दाबलेत तरी साठ्यातले जुने आकडे आधी वाजणार. तुमची कृती ऐकू येणार त्यानंतर. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. २३ मिलिसेकंदांत तो जवळजवळ ८ मीटर अंतर कापील. नुसते गाणे ऐकणाऱ्याला या उशिराचा पत्ताही लागत नाही. पण आपल्याच थापेचा आवाज तबलजीला आठ मीटरवरून ऐकू येऊ लागला तर त्याचे काय होईल, कल्पना करा. साठा १२८ आकड्यांचा केला तर हेच अंतर एका मीटरवर येते.

म्हणून डीजेला टाकी लहान हवी, आणि लहान टाकी सतत भरावी लागते. आपल्या १२८ आकड्यांच्या साठ्यासाठी हे काम सेकंदाला सुमारे ३४५ वेळा, तर तीन तासांच्या कार्यक्रमात ३७ लाखांहून अधिक वेळा करावे लागेल. त्यांतली एक वेळ चुकली तरी सारे सभागृह ते ऐकते. प्रोसेसर कोणत्या क्षणी कोणाच्या कामाला लावायचा हे ठरवते ती ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तिच्यापुढे ध्वनीखेरीज पन्नास कामे रांगेत असतात. वायफायचा एखादा सदोष ड्रायव्हर प्रोसेसरला काही मिलिसेकंद अडवून धरतो, तेवढे पुरते. संगणक सरासरीने किती वेगवान आहे याला येथे फारसा अर्थ नाही. वाईटात वाईट उशीर किती, एवढेच पाहावयाचे. जी एसटी एरवी वेळेवर येते, पण महिन्यातून एकदा तासभर उशीर करते, तिच्या भरवशावर परीक्षेला कोण जाईल?

या संदर्भात 'फायनल स्क्रॅच' या यंत्रणेचा इतिहास पाहण्यासारखा आहे. तिच्यात डीजे खरीच तबकडी हाताने फिरवतो, पण तबकडीवर गाण्याऐवजी वेळेचा संकेत मुद्रित केलेला असतो. तो वाचून संगणक आपल्याजवळचे गाणे हाताच्या चालीप्रमाणे पुढेमागे नेतो. हात आणि आवाज यांत फट पडली की ती ताबडतोब बोटांना जाणवते. ही यंत्रणा प्रथम विकसित झाली ती बीओएस या, ध्वनी व चित्र डोळ्यांपुढे ठेवून रचलेल्या, कार्यप्रणालीवर. काही डझन डीजेंनी ती विकतही घेतली. पुढची १.० आवृत्ती मात्र लिनक्सवर आली. बीओएस बनवणाऱ्या कंपनीची मालमत्ता २००१ मध्ये पाम कंपनीकडे गेली आणि तिची वाढ खुंटली. कार्यप्रणाली गुणी असून भागत नाही. तिच्यामागे कोणी उभे राहावे लागते.

आजच्या तिघींपैकी मॅकओएसमध्ये कोअर ऑडिओ ही ध्वनीची जलद वाट मुळातच आहे. विंडोजमध्ये स्टाइनबर्ग कंपनीची १९९७ सालची एएसआयओ पद्धत वापरतात. तिचा ड्रायव्हर ध्वनी-उपकरणाच्या निर्मात्याकडून घ्यावा लागतो. विंडोजचे संगणक नाना कंपन्यांचे, त्यामुळे एकाच किमतीची दोन यंत्रे अगदी वेगळी वागू शकतात. लिनक्सला काटेकोर वेळ पाळायला लावणारी सुधारणा सुमारे २० वर्षे बाहेरून जोडावी लागे. २०२४ मध्ये ती मूळ गाभ्यात आली. तरीही सेराटो आणि रेकॉर्डबॉक्स हे व्यावसायिकांचे नेहमीचे प्रोग्रॅम लिनक्ससाठी मिळत नाहीत, तेव्हा ते वापरावयाचे असतील तर निवड दोघींतच उरते. माझे मत विचाराल तर, आधी प्रोग्रॅम व उपकरण ठरवावे, त्यांना मानवेल ती प्रणाली घ्यावी, आणि कार्यक्रमाच्या आठवड्यात तिची नवी आवृत्ती मुळीच चढवू नये.

शिकण्यासाठी नवा संगणक मात्र घेऊ नका. 'मिक्स' नावाचा, स्पेलिंगच्या शेवटी तीन एक्स असलेला, मोफत प्रोग्रॅम तिन्ही प्रणालींवर चालतो. त्याच्या ध्वनीविषयक सेटिंगमध्ये साठा मिलिसेकंदांत निवडता येतो आणि तो किती वेळा रिकामा पडला याची मोजणीही दिसते. २३ पासून सुरुवात करून साठा निम्मा निम्मा करीत जा. मोजणी वाढू लागली की एक पायरी मागे या. मग वायफाय बंद करून, तसेच चार्जर काढून आणि लावून हाच प्रयोग पुन्हा करा, व प्रत्येक वेळचा आकडा वहीत टिपून ठेवा.