पाच तारे, दोनशे मिनिटं
अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम एप्रिलच्या सुरुवातीला संपतो आणि चाहत्यांची आकडेमोड लगेच सुरू होते: पुढच्या वर्षी कोण येणार, कोण जाणार? शाळकरी खेळाडूंना जाणकार तारे देतात; पाच तारे म्हणजे सर्वोच्च. पण मुरलेला चाहता ताऱ्यांवर भाळत नाही, तो मिनिटं मोजतो. सामना 40 मिनिटांचा, मैदानात पाच जण, म्हणजे वाटायला फक्त 200 मिनिटं. त्यात चेंडू कोण खेळवणार, बास्केटखाली उंचापुरा कोण, लांबून नेम कुणाचा, हे सगळं बसवायचं.

2018मध्ये ड्यूक विद्यापीठाने देशातले पहिले तीन मानले गेलेले आर. जे. बॅरेट, झायन विल्यमसन आणि कॅम रेडिश एकत्र आणले. कागदावर संघ अजिंक्य! पण लांबून नेम काही बसेना. प्रतिस्पर्धी खुशाल बास्केटजवळ गर्दी करून उभे राहत. मार्च 2019मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत मिशिगन स्टेट विद्यापीठाने त्यांना 68-67 असं हरवून घरी पाठवलं. उलट पुढे जगप्रसिद्ध झालेल्या स्टीफन करीच्या वाटेला मोठी कॉलेजं फारशी गेलीच नाहीत. छोट्याशा डेव्हिडसनला त्याने 2008मध्ये याच स्पर्धेच्या शेवटच्या आठांत नेलं.

हल्ली अंदाज आणखी अवघड झालेत. 2021पासून एक वर्ष सामन्यांबाहेर न बसता कॉलेज बदलता येतं. त्यामुळे अठरा वर्षांच्या गुणी पोरापेक्षा दुसऱ्या कॉलेजातून येणारा बावीस-तेविशीचा तयार गडी प्रशिक्षकाला बरा वाटतो (आणि त्यात त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही). मे महिन्यात मांडलेला संघ नोव्हेंबरच्या पहिल्या सामन्यात तसाच उतरला, तर नवलच.