ओळखा पाहू, विमान कोणतं?

शेलारमध्ये गच्चीवरून मान वर केली, की दिसणारी प्रवासी विमानं बहुतेक एकाच घाटाची असतात. पंखांखाली दोन इंजिनं, मागे एकच उभं शेपूट. पूर्वी प्रत्येक कारखान्याची तऱ्हा निराळी होती, म्हणून ‘ओळखा पाहू’ खेळावं ते जुन्या विमानांवर. नाव-क्रमांक झाकून एकाने फोटो पुढे करायचा, बाकीच्यांनी अंदाज बांधायचे.

रंगावर मात्र जाऊ नका. एअर इंडियाची काही सुपर कॉन्स्टेलेशन विमानं पुढे हवाई दलात आणि मग नौदलात गेली. रंग बदलत गेले, शेपटीची तीन उभी पाती तशीच राहिली.

आता एक फोटो घेऊ. छोटं विमान, दोन इंजिनं, पोट होडीसारखं. म्हणजे पाण्यावर उतरणारं. पंख पोटापासून उंच, खांबावर तोललेला असेल तर कॅटलिनाचा विचार करा. इथे तो थेट पाठीवर टेकलाय, तेव्हा कॅटलिना बाद. मग ग्रुमन गूज की शॉर्ट सीलँड? इंजिनाचं तोंड निरखा. गूजचे सिलिंडर वर्तुळात मांडलेले, म्हणून तोंड रुंद आणि गोल. सीलँडचे एकामागे एक, म्हणून ते निमुळतं. फोटोतलं निमुळतं आहे. सीलँडच! भारतीय नौदलाने अशी 10 विमानं घेतली आणि 1953 मध्ये त्यांच्यापासूनच नौदलाच्या हवाई शाखेची सुरुवात झाली. त्यांतलं एक गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात आहे.

तिथलंच सी हॉक बघा. जेट असून शेपटीच्या टोकाला धुराड्याचं तोंडच नाही! इंजिनाचा झोत दुभंगून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही.

फोटो दाखवणाऱ्याने घाईने नाव सांगू नये. ‘इंजिन बघ’ एवढंच म्हणावं. समोरच्याने स्वतः शोधलेलं पक्कं लक्षात राहतं.

गोवा लांब वाटत असेल, तर मुलांना वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात न्या. विमानरचनाकार कुर्ट टँक यांच्या देखरेखीखाली हिंदुस्थान एअरक्राफ्टने घडवलेलं, 1961 मध्ये पहिल्यांदा उडालेलं मारुत हे लढाऊ विमान तिथे आहे. नावाची पाटी वाचण्याआधी त्याची पंखांजवळ आवळलेली कंबर त्यांना दाखवा, आणि ती तशी का असेल, ते विचारा.