विमानाच्या एंजिनाची भूमीवरील परीक्षा

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून विमान उडाले की आपणा सर्वांच्या माना आपोआप वर होतात. परंतु त्या विमानाच्या एंजिनाने जमिनीवर दिलेल्या परीक्षेचा विचार क्वचितच कोणाच्या मनात येतो. मोटार बिघडल्यास रस्त्याच्या कडेस उभी करिता येते. आकाशात ती सोय नाही. म्हणून महत्त्वाची दुरुस्ती झाली की विमान जागीच रोखून एंजिन चालवून पाहतात.

नागपूरच्या मिहानमध्ये बोइंग कंपनीने एअर इंडियाकरिता उभारलेला, २०१५ साली सुरू झालेला मोठा देखभाल-कारखाना आहे. अशा ठिकाणी जेट विमान प्रथम वाऱ्याकडे तोंड करून उभे करितात आणि बैलगाडीच्या चाकाखाली धोंडा द्यावा त्याप्रमाणे चाकांस ठोकळे लावितात. भोवतालचा खडान्‌खडा वेचून काढितात. कारण एंजिनात ओढला गेलेला लहानसा खडाही आतील पाती मोडू शकतो. मग एंजिन मंद गतीने चालवून कोठे तेल वा इंधन गळते काय, हे पाहतात. तेलाचा दाब, बाहेर पडणाऱ्या वायूची उष्णता व एंजिनाची थरथर यांवर नजर ठेवून मगच जोर वाढवितात.

लहान विमानांच्या पिस्टन-एंजिनाची परीक्षा अधिक मौजेची आहे. त्यात ठिणगी पाडणारे मॅग्नेटो दोन असतात. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर काम निभावे, हा हेतू. परीक्षक ते आळीपाळीने बंद करून पाहतो. तेव्हा एंजिनाचे फेरे किंचित घटले पाहिजेत. फार घटले तर दोष आहे, हे कोणीही सांगेल. परंतु मुळीच न घटणे हेही संशयास्पदच! कारण बंद केलेला मॅग्नेटो वस्तुतः बंदच झालेला नसेल. असे एंजिन थांबल्यावर कोणी पंख्यास नुसता हात लावून तो फिरविला, तरी ते एकाएकी सुरू होऊन प्राण घेऊ शकते.

एंजिनाजवळील काम किती जोखमीचे असते पाहा. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर प्रवासास निघणाऱ्या विमानाच्या चालू एंजिनात ओढला जाऊन एअर इंडियाचा एक तंत्रज्ञ मृत्यू पावला. तो प्रसंग परीक्षेचा नव्हता. तथापि चालू एंजिनापुढील धोक्याच्या जागेत पाऊल टाकू नये, हा नियम दोहोंकडे सारखाच आहे.

परीक्षा उतरली म्हणजे तंत्रज्ञ नोंदवहीत सही करितो. ज्यांना तो कधी पाहणारही नाही, अशा प्रवाशांचे प्राण त्या सहीवर विसंबून असतात. विद्यार्थीमित्रहो, कोणी पाहत नसताना चोख केलेल्या कामाची थोरवी याहून निराळी ती काय?